उभ्यानं खाल्लेलं

आखाड लागला की आहाराच्या या सदरासाठी माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोक 'काय खाऊ' असं विचारतात. आखाडात 'काय खाल्लं' ते सांगतात, आणि तेही खालच्या आवाजात. गल्लोगल्ली त्र्यंबोली देवीची जत्रा, पंचगंगेच्या नव्या पाण्याच्या घागरी, पुढं पी-ढबाकची वाजंत्री, आणि संध्याकाळी मंडळाच्या दारात मटणाची पातेली. मागं श्रावण दबा धरून बसलेला. त्यामुळं या महिन्यात कोल्हापुरात मटण आणि पश्चात्ताप दोन्ही एकाच चुलीवर शिजतात. यंदाच्या पत्रांतली काही इथं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय ४७. दीड वर्षापूर्वी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, औषध नको, पण काठावर आहात, सात-आठ किलो वजन उतरवा. तेव्हापासून दर रविवारी घरात मटण मीच शिजवते, पण माझ्या ताटात मोडाची मटकी आणि काकडी. सगळे म्हणतात, हिचा निग्रह बघा. खरं सांगू? रात्री अकराला सगळे झोपले की मी फ्रिज उघडते आणि पातेल्यातलं गार सुकं बोटांनी, उभ्यानं, दिवा न लावता खाते. मग सोमवारी शिक्षा म्हणून चहासुद्धा न पिता रंकाळ्याला दोन फेऱ्या मारते. वजन किलोभरही हललेलं नाही. मी इतकी हावरट आहे का? — एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : आधी मला सांगा, गार सुकं मटण लागतं कसं? चरबी थिजून टाळ्याला चिकटते, खोबरं चोथ्यासारखं लागतं, मसाल्याचा वास बसलेला असतो. तेच मटण दुपारी दीडला वाफाळत होतं. तुम्हीच परतलेलं, मीठ-चटणी तुम्हीच चाखून ठरवलेली. ते समोरून जाऊ देऊन रात्री हे असलं खाणाऱ्या बाईला मी हावरट म्हणणार नाही. हावरट माणूस चांगलं बघून खातो.

पत्रात तुम्ही वजनाचे आकडे दिलेत, साखरेचे दिलेत, रंकाळ्याच्या फेऱ्यासुद्धा मोजल्यात. रात्री किती तुकडे खाल्ले ते मात्र कुठंच नाही. ते तुम्हालाच ठाऊक नसणार. दिवा बंद, ताट नाही, आणि हाडं कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपलेली. (हाडांचं मी अंदाजानं लिहिलं. चुकलं असेल तर कळवा. चुकलं नसणार.)

१९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण आपणहून उपाशी राहायला तयार झाले होते. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा जेवायला कसं घालायचं, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. या पोरांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन उतरलं ते उतरलंच, पण त्यांची डोकी अन्नानं भरून गेली. ज्यांनी जन्मात चहा केला नव्हता ते स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसू लागले. ताटं चाटू लागले. समोरचा घास संपू नये म्हणून तासतासभर चिवडत बसायचे. तुमची उपासमार काही त्या दर्जाची नाही. पण रविवारी दुपारी मटकीनं तुमचं पोट भरतं आणि मटण राहून जातं. ते राहिलेलं अकरा वाजेपर्यंत जागं असतं.

बरं, लाज वाटली की माणूस पुढच्या वेळी कमी खातो का? न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी सुमारे तीनशे लोकांना विचारलं होतं : चॉकलेट केक म्हटलं की मनात काय येतं, अपराध की आनंदाचा प्रसंग? चौथाईहून थोडे जास्त लोक 'अपराध' म्हणाले. आपल्याला वाटेल, हे लोक जपून खात असतील. दीड वर्षानं बघितलं तर वजन राखणं त्यांनाच कमी जमलं होतं. हा अभ्यास २०१४ साली छापून आला. केकच्या जागी पांढरा रस्सा ठेवला तर कोल्हापुरात निकाल फार वेगळा येईल असं वाटत नाही. फक्त आपल्याकडचे 'अपराध'वाले प्रश्नपत्रिकेवर खरं लिहिणार नाहीत.

आता जरा घरचं सांगते. माझी आई शिवाजी पेठेत खाणावळ चालवायची. बत्तीस पोरं, दोन पंगती. भुदरगड, राधानगरी, गगनबावडा अशा भागातनं शिकायला आलेली. भाकऱ्या मोजायच्या नाहीत, हा तिचा नियम. एका पोरानं एकदा अकरा खाल्ल्या, तेव्हा तिनं फक्त पीठ वाढवलं. पण ती स्वतः पाटावर बसून जेवली असं मला आठवत नाही. पोरं उठली की चुलीपाशी उभी राहून पातेल्याला लागलेला रस्सा भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायची, कुणी टाकलेला भात, करपलेली कड, वाटीतलं उरलेलं दही. टाकवत नव्हतं तिला. बावन्नाव्या वर्षी पाय बधिर व्हायला लागले म्हणून डॉक्टरांकडं नेलं, तर साखर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, जेवता काय? आई म्हणाली, "मी कुठलं जेवतो? दोन घास तोंडात टाकतो, झालं." (आमच्या पेठेत बायका 'जातो, खातो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी मुद्रणदोष समजू नये.) ती खोटं बोलत नव्हती. उभ्यानं खाल्लेलं तिच्या लेखी जेवणच नव्हतं.

तुमचं रात्री अकराचं खाणं आणि आईचं चुलीपाशी उभं राहून खाणं, मला यात फार फरक दिसत नाही. ती वाया जाऊ नये म्हणून खायची, तुम्ही दिसू नये म्हणून खाता. ताटात न वाढलेलं खाणं दोघींच्याही हिशेबात येत नाही, आणि त्याची चवही लागत नाही.

आणि यात माझाही हात आहे. १९८८ साली मी एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून लागले. नवीन, उत्साही, आणि मूर्ख. सायक्लोस्टाइल केलेला एक कागद मी प्रत्येक रुग्णाच्या हातात द्यायची. डावीकडं 'खावे', उजवीकडं 'वर्ज्य', आणि 'वर्ज्य'खाली मी स्वतः लाल शाईनं दोन रेघा ओढायची. एक निवृत्त मास्तर होते. त्यांची सून त्यांना घेऊन आली आणि त्यांच्यादेखत म्हणाली, "न्हाणीघरात कडी लावून बुंदीचा लाडू खाताना सापडले." मास्तर धोतराच्या सोग्याशी चाळा करत बसले होते, परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या पोरासारखे. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या कॉप्या धरल्या त्याला मी त्या बाकावर आणून बसवलं. तरी तो कागद पुढं वर्ष-दीड वर्ष मी वाटतच राहिले. कारण काय, तर गठ्ठा शिल्लक होता.

तर येत्या रविवारी सगळ्यांबरोबर बसा. ताट एकदाच वाढून घ्यायचं, एवढं आधी ठरवा. ज्वारीची एक भाकरी, सुक्याचे चार-पाच तुकडे, दहीकांदा मोठी वाटी, तांबडा एक वाटी, पांढरा एक वाटी. भात हवाच असेल तर भाकरी अर्धी करा. आणि घास चावा. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात. आपल्याकडं पंगत त्याआधीच उठते.

पांढऱ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथं भले भले फसतात. तांबडा बाधतो आणि पांढरा सौम्य, असा आपला समज. तिखटापुरतं ते खरं आहे. दोन्हींचं मूळ एकच, मटणाचं अळणी, म्हणजे मसाला न घातलेला रस्सा. त्यात कांदालसूण चटणी पडली की तांबडा. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ वाटून पडले की पांढरा. तांबड्याचा तवंग डोळ्याला दिसतो, पळीनं बाजूला सारता येतो. पांढऱ्यातली चरबी त्या दुधात मिसळून गेलेली असते, ती कुठल्याच पळीला सापडत नाही. 'आपल्याला पांढराच आण रे' म्हणून चार-चार वाट्या रिचवणारे आणि वर स्वतःला पथ्यावर समजणारे दोन गृहस्थ माझ्या नात्यातच आहेत. म्हणून एक वाटी. पण ती गरम, आणि सगळ्यांसमोर.

शिजवा कमी. चार माणसांना दीड किलो आणता, असा माझा अंदाज आहे. पाऊण आणा. 'आणि कमी पडलं तर?' हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. आमच्या घरात तीन पिढ्या तो अंगात येतोय. पडू दे कमी. रस्सा आहे की.

आणि समजा रात्री अकराला पाय फ्रिजकडं वळलेच, तर वळू द्या. दिवा लावा. दोन तुकडे गरम करा, बशीत घ्या, खुर्चीवर बसा. कुणी पाणी प्यायला उठून आलंच तर त्यालाही विचारा.

सोमवारचा चहा बंद करू नका. उपाशी पोटी दोन फेऱ्या मारून तुम्ही संध्याकाळच्या भुकेची तयारी करता. त्यापेक्षा रविवारी जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते. रंकाळ्यावरच जायचं तर संध्याकाळी जा, कणीस खाणाऱ्यांकडं बघत. त्या तळ्याला कशाला शिक्षेत घ्यायचं? तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासा. मात्र रात्रीचं खाणं रविवारपुरतं न राहता पोट दुखेपर्यंत होत असेल, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांगा. त्यावर उपचार आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : शुगर निघाल्यापासून साखर पूर्ण बंद केली. आता गुळाचाच चहा, दिवसातनं चार वेळा. गूळ आपला कोल्हापूरचा, बिनरसायनाचा. चालतंय न्हवं? — एक व्यापारी, शाहूपुरी

उत्तर : नाही चालत. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, ते आपल्या मातीचं आणि चवीचं. तुमच्या स्वादुपिंडाला ते दिसत नाही. साखर काय, गूळ काय, दोन्हीत मुख्य ऐवज सुक्रोजच. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात पावणेचारशेच्या वर. लोह वगैरे थोडं जास्त मिळतं, पण त्यासाठी चार कप चहा प्यायची गरज नाही. शेपू-मेथी खा. चारातला एक चहा गुळाचा ठेवा, दुपारचा ठेवा, आणि तो निवांत प्या. बाकीचे बिनगोडाचे. गुळाच्या बाजारात राहणाऱ्या माणसाला हे सांगणं जिवावर येतंय, पण इलाज नाही.

प्रश्न : मावशी, मी २४ वर्षांचा. करवीर तालुक्यातला. पंधराव्या वर्षापासून कोल्हापुरात तालमीत होतो. खासबाग मैदानात दोन वेळा उतरलो. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याची शीर तुटली, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी कुस्ती बंद सांगितली. आता गोकुळ शिरगावला कारखान्यात आहे. पण घरी खुराक तसाच चालू आहे : दोन लिटर म्हशीचं दूध, बदाम, तूप. वजन ९२ होतं ते १०८ झालं. नको म्हणवत नाही. माझ्या खुराकासाठी दादांनी, म्हणजे वडिलांनी, नऊ वर्षं डेअरीला दूध घातलं नाही, स्वतः एक पेला प्याले नाहीत. पेला खाली ठेवला की पाप केल्यागत वाटतंय. — एक पैलवान (होतो)

उत्तर : कंसातला तो शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला.

हिशेब आधी करू, तो सोपा आहे. लिटरभर म्हशीच्या दुधात साधारण हजार कॅलरी. दोन लिटरच्या दोन हजार. शंभर ग्रॅम बदाम धरले तर सहाशे. दोन मोठे चमचे तूप, पावणेतीनशे. झाले २९०० च्या आसपास. कारखान्यात मध्यम मेहनतीचं काम करणाऱ्या माणसाला दिवसभराच्या सगळ्या जेवणाला मिळून जेवढं लागतं, त्याच्याही वर हे जातं. आणि भाकरी-भात अजून बाकीच. पहाटे चारला उठून जोर-बैठका, लढती, माती उकरणं, तेव्हा हे सगळं जळत होतं. आता ते तुझ्या त्याच गुडघ्यावर बसतंय. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो. तेव्हा सोळा किलो म्हणजे त्याला सोळा नाहीत, त्याहून बरेच जास्त वाटतात.

आता दादांचं. तू दूध प्यायलास म्हणून त्यांचे पैसे वसूल होणार आहेत का? त्यांनी दूध डेअरीला घातलं नाही ते कुस्तीसाठी, आणि ती कुस्ती झाली. सात वर्षं झाली. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेच्या हौद्यात पाय ठेवायला किती पोरांना मिळतं? माझे मामा आयुष्यभर गंगावेशीत संध्याकाळी म्हशीची धार काढून घेऊन धारोष्ण दूध पीत पैलवानांच्या गोष्टी सांगायचे, आणि स्वतः एकदासुद्धा लंगोट बांधला नव्हता. तू तर उतरलास.

मला वाटतं, घरात कुस्ती सुटल्याचं अजून कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. दुधाचा पेला रोज येतो म्हणजे तेवढं बोलणं पुढं ढकललं जातं. आईला म्हण, उद्यापासून दोन पेले भर, जास्त नको. एक तू घे, एक दादांच्या हातात दे, आणि दोघं उंबऱ्यावर बसून प्या. ते 'मला कशाला' म्हणतील. ऐकू नकोस. राहिलेलं दूध डेअरीला घालायचं का घरात तूप करायचं, हे आईला ठरवू दे. तुझ्या हातात पेला असेल तेव्हाच हे सांग, नुसतं 'बंद कर' म्हणालास तर तिला ते तुझं रुसणं वाटेल.

बदाम मूठभर ठेव. डाळ, अंडी, मटकी, ताक सोडू नकोस, नाहीतर चरबीआधी अंगातली ताकद जाईल. गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टला दाखव आणि पाण्यात उतर, पोहताना गुडघ्यावर भार येत नाही. आणि पोरांना डाव शिकवायला गुडघा शाबूत लागतो असं नाही. वस्तादांना विचारून बघ.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगच्या वेळी तिच्या शरीरावरून कुणीतरी काहीतरी बोललं. तेव्हापासून आधी गोड सोडलं, मग भात, मग तेल. आता अर्धी चपाती आणि काकडी. 'जेवले की पाप केल्यासारखं वाटतं' म्हणते. सैल कपडे घालते, सतत थंडी वाजते म्हणते, तीन महिने पाळी आलेली नाही. अभ्यासात मात्र पहिली आहे. तिच्या वयाला योग्य असा आहाराचा तक्ता द्याल का? — एक वडील, कसबा बावडा

उत्तर : नाही. तक्ता देणार नाही. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला स्वतंत्रही कळवलं आहे. इथं छापतेय ते असंच मूल घरात असलेल्या दुसऱ्या कुणासाठी.

पाळी थांबणं, थंडी वाजणं, एकेक पदार्थ ताटातून हद्दपार होत जाणं आणि जेवण म्हणजे पाप वाटणं, हे सगळं एकत्र आलं की तो हट्ट नसतो, आजार असतो. आणि तो जिवावर बेतू शकतो. या आठवड्यात डॉक्टरांकडं जा. वजन, नाडी, रक्तदाब, रक्तातले क्षार बघायला सांगा. त्याचबरोबर मानसोपचारतज्ज्ञ हवा, 'नंतर बघू' नको. कुणाकडं जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा फोन चोवीस तास चालू असतो. ती बेशुद्ध पडली, छातीत धडधडलं, उभं राहवेना, तर थेट दवाखान्यात.

घरी तिच्या ताटावर पहारा देऊ नका, 'किती वाळलीस' म्हणू नका, 'आता छान दिसतेस' तर मुळीच नको. तिच्यासमोर कुणीही, अगदी आजीनंसुद्धा, स्वतःच्या पोटाला नावं ठेवायची नाहीत. पहिल्या नंबराचं कौतुक सध्या बाजूला ठेवा. कुणी खायला सांगितलं की ती चिडेल, खोटं बोलेल, ताटातलं रुमालात लपवेल. तेव्हा तिच्यावर ओरडू नका. तो आजार बोलत असतो. जिथं वाढ चालू आहे तिथं उशीर महाग पडतो, म्हणून पुन्हा एकदा लिहिते, याच आठवड्यात.

प्रश्न : माझं वय ७१. पतीच्या पश्चात पंढरपूरला जाऊन माळ घातली, त्याला एकोणीस वर्षं झाली. मांस-मच्छी वर्ज्य. पण दर आखाडात गल्लीत जत्रेचं मटण शिजायला लागलं की तोंडाला पाणी सुटतं. परवा तर चटणीचा वास आला आणि मी खिडकी लावायची सोडून उघडून उभी राहिले. एकादशी तोंडावर, आणि मनात हे. माळेला बाधतं का? — एक माळकरी, मंगळवार पेठ

उत्तर : अक्का, मी आहारतज्ज्ञ आहे, कीर्तनकार नाही. पण शरीराचं विचाराल तर सांगते. वास आल्यावर तोंडाला पाणी सुटणं तुमच्या हातात नाही, तसं माझ्या शेजारच्या मांजराच्याही हातात नाही. बावन्न वर्षं जे खाल्लं, त्याची आठवण जिभेला राहणारच. लाळ माळ बघून सुटत नाही.

आणि खिडकी उघडलीत त्यात काय बिघडलं? तुम्ही खाल्लं नाहीत. एकोणीस आखाड खाल्लं नाहीत. आवडतच नसतं तर सोडण्यात काय मोठं होतं? मला खरं तर तुम्हाला उलटंच विचारायचं आहे : तुमच्या हातचा तांबडा कसा होता? गल्लीत अजून कुणीतरी आठवण काढत असेल. चटणीचं प्रमाण सुनेला सांगा. तीळ किती भाजायचे, खोबरं कुठपर्यंत काळं होऊ द्यायचं, हे सांगायला चाखायला लागत नाही, नुसत्या वासावरनं कळतं. मंडळातली पोरं पिठलं-भाकरी घेऊन तुमच्याकडं येतात का? येत नसतील तर या जत्रेला सांगून ठेवा, माळकऱ्यांचं पान वेगळं वाढायचं म्हणून. आमच्या गल्लीत अशी तीन पानं असतात, आणि त्या पिठल्यावर मटणवाल्यांचाच डोळा असतो.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळ्यांना सांगता. तुम्ही स्वतः कशा खाता? तुम्हाला कधी खाल्ल्याचं वाईट वाटत नाही का? — एक वाचक, रुईकर कॉलनी

उत्तर : वाटतं की. मला पाच वर्षांपासून साखर आहे, आईकडूनच आली असावी. सकाळ-संध्याकाळ गोळी घेते. रविवारी मटण खाते, मंगळवारी अंबाबाईचा उपवास करते आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी नावाचा निव्वळ पिठूळ पदार्थ खायचा नाही असं दर सोमवारी ठरवते. सहा मंगळवारांतले चार जमतात.

पण वाईट वाटतं ते वेगळंच. शेवटच्या वर्षी आई माझ्याकडं होती. मी तिला टेबलाशी बसवून गरम वाढायची. ती चार घास खाऊन उठायला बघायची. "तू जेव आधी. मी मागनं खातो." तीन महिने आमची रोज यावरून भांडणं. एकदा मी चिडून माझं ताटही तिच्यासमोरच आणलं आणि म्हटलं, तू उठलीस की मी उठणार. तेव्हा बसली. एक अख्खी भाकरी खाल्ली. वांग्याचं भरीत होतं, शेंगदाण्याचं कूट घातलेलं. म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय." बत्तीस पोरांचं मीठ वर्षानुवर्षं बरोबर टाकणाऱ्या बाईनं स्वतः गरम भरीत बसून कितीदा खाल्लं असेल, हे मी तेव्हा मोजायला गेले आणि सोडून दिलं.

गेल्या गुरुवारची गोष्ट. कुकर लावला आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत भडंगाच्या डब्याशी उभी राहिले. एक मूठ, मग एक मूठ. चौथी शिट्टी झाल्यावर लक्षात आलं, डबा अर्धा झाला होता आणि भडंगात लसूण होता का नव्हता, हेही मला सांगता येईना. तोच डबा आत्ता हे लिहिताना टेबलावर आहे. लसूण आहे, भरपूर आहे. वाटी आणायला उठते, म्हणून या अंकापुरतं इथंच थांबते.